रानातील गाडी : घोड्यांचे बळ मोठे की चाकाची पकड ?

दसरा-दिवाळी आटोपली म्हणजे आपल्या कोल्हापूर प्रांती साखर कारखान्यांची धुराडी पेटतात, आणि त्याच सुमारास पंचगंगा, वारणा, दूधगंगा ह्या नद्यांच्या काठच्या रानांतून एक आवाज हटकून ऐकू येऊ लागतो. तो आवाज म्हणजे चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरच्या जागच्या जागी फिरणाऱ्या चाकांचा होय. फड तोडून झालेला असतो, ट्रेलर भरलेला असतो, तोडणीची टोळी हातावर हात देऊन बसलेली असते, आणि मालक बांधावर उभा राहून दुसऱ्या ट्रॅक्टरची वाट पाहत असतो. तोडलेला ऊस उन्हात पडला की त्याचे वजन घटते आणि साखरेचा उताराही घटतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. अशा वेळी बांधावर जमलेल्या मंडळींपैकी कोणी ना कोणी एक वाक्य बोलतोच : “ट्रॅक्टर लहान पडला. आणखी दहा घोड्यांचा घ्यायला हवा होता.”

हे वाक्य ऐकून अनेक शेतकऱ्यांनी पुढील हंगामापूर्वी कर्ज काढून मोठा ट्रॅक्टर दारी आणला आहे, आणि त्यांपैकी पुष्कळांचा मोठा ट्रॅक्टरही त्याच रानात, त्याच जागी रुतला आहे. म्हणून रस्ता सोडून रानात, चिखलात, उताराला किंवा ओढ्यात चालण्यास गाडी समर्थ होते ती कशामुळे, ह्या प्रश्नाचा विचार येथे थोड्या विस्ताराने करण्याचे आम्ही योजिले आहे. आमचे मत प्रथमच स्पष्ट सांगतो. आपल्याकडील बहुतेक गाड्या इंजिनाचे बळ कमी पडल्यामुळे रुतत नाहीत. त्या चाकाची पकड सुटल्यामुळे, चाकाखालील दाब वाढल्यामुळे आणि जमिनीस वापसा येण्याआधी रानात घातल्यामुळे रुततात. ह्या तिन्ही गोष्टींवर अश्वशक्ती हा उपाय नव्हे.

बळाचा हिशेब

आधी अंकांनीच बोलू. हिशेब ढोबळ आहे, परंतु त्यातून निघणारा बोध ढोबळ नाही. ट्रेलर व ऊस मिळून दहा टन वजन आहे असे धरा. डांबरी रस्त्यावर ते ओढण्यास वजनाच्या शेकडा दोन एवढी, म्हणजे सुमारे २०० किलो ओढ पुरते. वापशावर आलेल्या रानात तीच ओढ ६०० ते ८०० किलोंवर जाते. ओल्या, मऊ रानात चाके बुडू लागली की शेकडा पंधरा किंवा त्याहूनही अधिक, म्हणजे १,५०० किलो ओढ लागते. आता ताशी तीन किलोमीटर ह्या बैलाच्या चालीने १,५०० किलोंची ओढ चालू ठेवावयास किती अश्वशक्ती लागेल ? सुमारे सतरा. ट्रॅक्टर तर पन्नास घोड्यांचा आहे ! मग अडते कोठे ?

अडते ते चाक आणि माती ह्यांच्या गाठीपाशी. दोन टन वजनाच्या साध्या ट्रॅक्टरचे सुमारे दोनतृतीयांश वजन मागील दोन चाकांवर असते, आणि तीच चाके काय ती ओढतात. म्हणजे ओढीच्या कामी आलेले वजन झाले १,३५० किलोंच्या आसपास. ओल्या रानात चाकास वजनाच्या शेकडा चाळीस एवढी पकड मिळाली तरी पुष्कळ झाले. त्या हिशेबाने हा ट्रॅक्टर फार तर ५४० किलो ओढील. पुढे पेडल कितीही दाबले तरी उरलेले सारे घोडे चाक फिरविण्यात आणि खड्डा उकरण्यात खर्ची पडतात. पन्नासाच्या जागी साठ घोडे जुंपले, तर खड्डा अधिक लवकर होईल एवढेच.

आता चारही चाकांनी ओढणारा ट्रॅक्टर घ्या. त्याचे वजन सव्वादोन टनांच्या घरात, आणि ते सगळेच ओढीच्या कामी येते. त्याच चिखलात तो ८८० ते ९०० किलो ओढील. हा लाभ लहान नव्हे, तो दोनतृतीयांशाच्या जवळपास जातो. परंतु गरज १,५०० किलोंची आहे, हे विसरू नये. म्हणजे चौचाकी ओढीचा ट्रॅक्टरही पूर्ण भरलेला ट्रेलर घेऊन तेथेच बसणार. तोच ट्रेलर निम्मा भरून एकूण वजन पाच टनांवर ठेवले, तर लागणारी ओढ ७५० किलोंवर येते. शिवाय वजन घटल्याने चाक कमी बुडते, म्हणून प्रत्यक्षात ती त्याहूनही कमी होते. आता चौचाकी ट्रॅक्टर सहज बाहेर पडेल, आणि जमीन थोडी घट्ट असेल तर साधाही निघेल. ह्यावरून वाचकांच्या ध्यानी येईल की, रुतलेल्या गाडीवरील पहिला व सर्वांत स्वस्त उपाय कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. तो म्हणजे रानातील खेप हलकी भरणे, हा होय.

खरा अपराधी मागे चालतो

लोकांची दृष्टी नेहमी पुढील ट्रॅक्टरवर असते. परंतु आम्ही म्हणतो की, रुतणाऱ्या जोडीत खरा अपराधी बहुधा मागचा ट्रेलर असतो. ह्याचे कारण दाबात आहे. हवेच्या टायरचा जमिनीवर पडणारा दाब हा स्थूल मानाने टायरमधील हवेच्या दाबाइतका असतो. ट्रॅक्टरच्या मागील मोठ्या टायरमध्ये शेतकामाच्या वेळी १४ पौंडांच्या आसपास हवा असते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. त्या चाकावर पावणेसातशे किलो वजन असेल, तर ते पावणेसातशे चौरस सेंटिमीटर जमिनीवर पसरते. ट्रेलरला मात्र मालमोटारीच्या धर्तीचे अरुंद टायर असतात आणि त्यांत ८० पौंड किंवा अधिक हवा भरलेली असते. दहा टनांचा ट्रेलर चार चाकांवर उभा असेल, तर प्रत्येक चाकावर अडीच टन वजन येते आणि ते जेमतेम साडेचारशे चौरस सेंटिमीटर जागेवर टेकते. म्हणजे ट्रॅक्टरच्या चाकाच्या पावणेचार पट वजन, तेही त्याहून कमी जागेवर ! जमिनीवर पडणारा दाब साडेपाच पटींहून अधिक झाला. ट्रॅक्टर रानावरून चालतो, आणि त्याच्या मागून येणारा ट्रेलर रान नांगरीत येतो. नांगर ओढावयास जसे बळ लागते तसेच हेही ओढावयास लागते, मग ट्रॅक्टर थकला तर नवल काय ?

आपल्या वाडवडिलांना ही गोष्ट चाकाच्या व्यासावरून ठाऊक होती. जुन्या लाकडी गाडीचे चाक छातीएवढे उंच असे. मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते आणि उतरलेच तर लवकर वर येते. तिचा दोष एवढाच की धाव लोखंडी आणि अरुंद असे, त्यामुळे ओल्या पाणंदीत ती सुरीसारखी रुते आणि चाकोरी वर्षानुवर्षे खोल होत जाई. जॉन बॉइड डनलॉप ह्यांनी १८८८ साली हवेचा टायर व्यवहारात आणला. ट्रॅक्टरला मात्र तो मिळावयास १९३२ साल उजाडावे लागले. त्या साली अमेरिकेतील अॅलिस-चामर्स कंपनीने आपल्या ट्रॅक्टरला रबरी टायर बसवून विक्रीस काढला, तोवर लोखंडी चाकांचे ट्रॅक्टर चालत. पुढे बैलगाडीलाही टायर आले, आणि आपल्या भागात टायरगाडीने लाकडी चाकाची गाडी जवळजवळ घालविली. आजही ट्रॅक्टरच्या बरोबरीने टायरगाड्या ऊस वाहतात, त्याचे कारण केवळ जुनी सवय नव्हे. टायरगाडीचे वजन मर्यादित, तिचे टायर ओझ्याच्या मानाने रुंद, आणि तिला ओढणाऱ्या बैलांचे चारही पाय ओढीस लागलेले. खूर फाकतो, माती धरतो आणि उचलताना मोकळा होतो. चौचाकी ओढीचे तत्त्व निसर्गाने बैलाला केव्हाच देऊन ठेवलेले आहे. परंतु बैलाच्या सहनशीलतेवर भिस्त ठेवून गाडी शिगोशीग भरणे हा अन्याय आहे, हेही येथेच नमूद करतो.

रानगाडीचे अवयव

रस्ता सोडून चालणाऱ्या गाडीचा सर्वमान्य नमुना म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून विलीस कंपनीने ती अमेरिकन सैन्यासाठी बांधली, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून महिंद्रांनी ती मुंबईत जुळवावयास घेतली. सह्याद्रीच्या घाटवाटांवर आणि आपल्या खेड्यापाड्यांतून तिने पुढे अनेक दशके सेवा केली. तिचे इंजिन अवघे ६० घोड्यांचे होते. त्याच काळातील कित्येक ऐटबाज मोटारींना ह्याहून अधिक बळ असे, पण त्या जेथे पोचत नसत तेथे ही जाई. असे तिच्यात होते तरी काय ?

पहिली गोष्ट, चारही चाकांना ओढ. दुसरी, दुहेरी गिअर. नेहमीच्या गिअरपेटीशेजारी आणखी एक पेटी असून तिच्यायोगे चाकांची गती निम्म्यावर येई आणि जोर दुप्पट होई. चिखलात वेगाने निभाव लागत नाही, सावकाश आणि एकसारखे चालले तरच लागतो. तिसरी, पोटाखालील उंची. जीपचे पोट जमिनीपासून सुमारे नऊ इंच उंच होते. गाडीचे सर्वांत खाली लोंबणारे अंग, बहुधा कण्याच्या मधील गोळा, एकदा मातीवर टेकले की चाके अधांतरी होतात आणि पकड संपते. आपल्या पाणंदीत दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा हाच पुष्कळ गाड्यांचा काळ ठरतो. चौथी, पुढचा व मागचा कोन. चाकांच्या पुढे नाक जितके आखूड तितका ओढ्याचा चढ अधिक धरता येतो. जीपचे नाक व शेपूट दोन्ही आखूड होती, आणि पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर अवघे ८० इंच, त्यामुळे बांधाच्या माथ्यावर तिचे पोट अडकत नसे. पाचवी गोष्ट हलकेपणा. तिचे वजन सुमारे ११०० किलो होते, रुतली तर चार माणसे तिला हात देऊ शकत.

सहावी गोष्ट टायरमधील हवेची. त्याच युद्धात अमेरिकन सैन्याने पाण्यात तरणारी आणि वाळूवर चालणारी डक नावाची मालमोटार बनविली. तिच्या चालकास बसल्या जागेवरून टायरमधील हवा कमी-अधिक करता येई. किनाऱ्याच्या वाळूवर हवा उतरविली म्हणजे टायर पसरतो, त्याचे पाऊल मोठे होते आणि गाडी वर तरते, आणि पक्क्या रस्त्यावर आल्यावर पुन्हा हवा भरावयाची. हे तत्त्व आपल्याकडे अगदीच थोडे वापरले जाते. ट्रॅक्टरच्या टायरमध्ये शेतकामासाठी किती हवा असावी आणि रस्त्यावरील वाहतुकीसाठी किती, हे कंपनीच्या पुस्तकात दिलेले असते. त्या पुस्तकाचे पान उघडलेला शेतकरी मात्र विरळा. सावधगिरीची एक सूचना अवश्य देतो : हवा उतरविलेला टायर भरल्या ओझ्यानिशी रस्त्यावर जोरात पळवू नये. तो तापतो, त्याच्या बाजू चिरतात आणि प्रसंगी फुटतो. हवा कमी करावयाची ती हलक्या खेपेसाठी आणि रानापुरतीच.

आता कण्यातील भेदगतीच्या गोळ्याविषयी, म्हणजे ज्याला मिस्त्री ‘डिफरन्शियल’ म्हणतात त्याविषयी, दोन शब्द. वळणावर बाहेरचे चाक अधिक धावते व आतले कमी, म्हणून ही योजना केलेली असते. ती दोन्ही चाकांस सारखाच जोर देते, आणि तेथेच संकट आहे. एक चाक निसरड्यावर गेले की त्याला जेवढा अल्प जोर लागतो तेवढाच दुसऱ्या, कोरड्यावरील चाकास मिळतो. परिणामी एक चाक गरगरते आणि दुसरे स्वस्थ बसते. ह्यावर उपाय म्हणून आजच्या ट्रॅक्टरला कुलूप दिलेले असते, ज्याचे पायपेडल चालकाच्या टाचेजवळ असते. ते दाबले की दोन्ही चाके एकजीव होतात. पण हे कुलूप चाक गरगरण्यापूर्वी, सावकाश गतीत आणि सरळ चालताना लावावे, आणि वळण्यापूर्वी सोडावे. वेगाने फिरणाऱ्या चाकावर ते एकाएकी लावल्यास आतील दाते मोडण्याचा संभव असतो. ज्या घरी ट्रॅक्टर आहे त्या घरी हे पेडल आहेच, परंतु त्याचा उपयोग न जाणणारे चालक पुष्कळ आहेत. नवा ट्रॅक्टर घेण्याआधी जुन्याचे हे पेडल चालते की गंजले आहे, हे पाहावे.

जमीन पाहून गाडी

आपल्या जिल्ह्याची जमीन एका जातीची नाही, म्हणून एकच सल्ला सर्वांस देता येत नाही. गगनबावड्यास वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर शिरोळ तालुक्यात त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. पश्चिमेकडे शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरी, भुदरगड ह्या भागांत तांबडी, मुरमाड जमीन आणि उताराची रुंद-अरुंद पट्टी. तेथे पाणी लवकर निचरते, गाडी सहसा खोल रुतत नाही, परंतु उतारावर घसरते आणि कलंडते. अशा ठिकाणी चौचाकी ओढीचा लहान, हलका आणि रुंद बैठकीचा ट्रॅक्टर खरोखरच उपयोगी आहे, आणि भातखाचरांत चिखलणीसाठी तर तो विशेष सोयीचा. उताराला आडवे चालताना ओझे उंच रचू नये, कारण गाडीचा तोल तिच्या वजनाच्या मध्यबिंदूच्या उंचीवर अवलंबून असतो. उसाचा ट्रेलर ह्या बाबतीत अत्यंत बेभरवशाचा.

पूर्वेकडे हातकणंगले, शिरोळ व नदीकाठची करवीर-कागलची राने पाहावी. तेथे काळी, भारी माती. ती पाणी पिऊन फुगते, टायरच्या नक्षीत चिकटून बसते आणि दोन फेऱ्यांत खाचांचा टायर गुळगुळीत गोळा होऊन जातो. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी तर नदीकाठच्या रानांत गाळाचे थर आणून टाकले. अशा मातीत चारचाकी ओढ असो की सहाचाकी, वापसा आल्यावाचून गाडी घालणे म्हणजे मातीचा गळा दाबणे होय. आणि येथेच आमच्या लेखाचा सर्वांत गंभीर मुद्दा येतो.

रुतलेली गाडी ओढून काढता येते, दबलेली माती मात्र सहजी मोकळी होत नाही. चाकाखाली मातीच्या कणांमधील हवेची व पाण्याची जागा मिटते. वरवरची दबण टायरच्या दाबावर अवलंबून असते, पण खोलवरची दबण कण्यावरील एकूण वजनावर. म्हणून केवळ रुंद टायर बसवून वीस टनांच्या ओझ्याचा दोष झाकत नाही. वरची नांगरटीने सुटते, खालची नांगराच्या फाळालाही लागत नाही. मग त्या पट्ट्यात पाणी साचते, मुळी आडवी पळते आणि खोडव्याचा फुटवा विरळ येतो. शेतकरी म्हणतो, “खोडवा बसला.” खोडवा बसत नाही, आपण त्याच्यावर गाडी बसविलेली असते. पुष्कळशी दबण पहिल्याच फेरीत होते, म्हणून प्रत्येक खेपेस नवी वाट काढू नये. रानात एकच चाकोरी नेमून तीवरूनच सर्व फेऱ्या कराव्या. लागणीच्या वेळीच सऱ्या साडेचार-पाच फुटांवर पाडल्या, तर चाकास बुडख्यावर न चढता सरीतून जाण्यास जागा राहते.

आक्षेप आणि उत्तरे

कोणी म्हणतील, “वापशाची वाट पाहण्यास कारखाना थांबतो काय ? टोळी आज दारात आहे, उद्या दुसऱ्याच्या फडात जाईल.” हा आक्षेप खरा आहे, आणि आम्ही तो हलका मानत नाही. तोडणीचा क्रम शेतकऱ्याच्या हाती नसतो. परंतु शेवटचे पाणी केव्हा द्यावयाचे हे तर त्याच्या हाती आहे ? तोड जवळ आली असता, वजन वाढेल ह्या लोभाने पाजलेले शेवटचे पाणी गाडी रुतण्यात वसूल होते. रानात निम्मी खेप भरून उरलेला ऊस कडेच्या कठीण जागेवर भरावा म्हटले, तर टोळीस मोळ्या अधिक दूर वाहाव्या लागतात, त्याचा मोबदला त्यांस दिलाच पाहिजे. तो देऊनही दुसऱ्या ट्रॅक्टरच्या भाड्याहून, मोडलेल्या कण्याहून आणि बसलेल्या खोडव्याहून खर्च कमीच येईल. दुसरा मार्ग असा की, रानातून पाणंदीपर्यंत टायरगाडी किंवा लहान ट्रेलर चालवावा आणि तेथून पुढे मोठा. प्रत्येक गाडीस तिच्या जागी ठेवणे ह्यातच शहाणपण आहे.

दुसरा आक्षेप असा की, आम्ही चौचाकी ओढीच्या ट्रॅक्टरविरुद्ध लिहितो. तसे मुळीच नाही. ज्याच्या घरी भातखाचरे आहेत, उताराची राने आहेत, किंवा ज्याला भाड्याने कामे करावयाची आहेत, त्याने तो अवश्य घ्यावा. मात्र कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढील चाकांची ओढ बंद ठेवावी, नाही तर पुढचे टायर व दाते विनाकारण झिजतात. पण ज्याच्या चार एकरांत वर्षातून दोनदा गाडी रुतते, त्याने त्या दोन दिवसांसाठी कर्जाचे हप्ते डोक्यावर घेऊ नयेत. त्याने आधी वजन, हवा, कुलूप आणि वापसा ह्या चार गोष्टी तपासाव्या. त्यांना पैसा लागत नाही.

एक सूचना जिवाची म्हणून निराळी देतो. रुतलेल्या ट्रॅक्टरला ओढताना साखळी नेहमी खालच्या ओढदांड्यालाच बांधावी. कण्याला किंवा वरच्या दांड्याला बांधून ओढल्यास ट्रॅक्टर पुढून उचलून मागे उलटतो आणि चालक त्याखाली सापडतो. तसेच ओढ लागलेल्या साखळीच्या रेषेत कोणी उभे राहू नये, मुलांस तर दूरच ठेवावे. साखळी तुटली म्हणजे तिचा तडाखा गोफणीसारखा येतो.

शेवटी पाणंद

इतके सारे लिहून आम्ही अखेर ज्या ठिकाणी येऊन पोचतो, ते ठिकाण गाडीत नाहीच, ते गावाच्या पाणंदीत आहे. कसलीही रानगाडी घेतली तरी ती रानापुरती. पाणंदीचे मैलच्या मैल जर गुडघाभर चिखलाचे असतील, तर प्रत्येकाने आपापल्या दारी रणगाडा बाळगावा की सर्वांनी मिळून एक रस्ता करावा ? चाळीस घरांनी मोठ्या ट्रॅक्टरच्या जादा किमतीपोटी दिलेला पैसा एकत्र मोजला, तर त्यात पाणंदीचे मुरमीकरण, दोन्ही बाजूंचे चर आणि ओढ्यावरील मोरी होऊन हातात काही उरेल, असे आम्हांस वाटते. रस्ता चाकाने मरत नाही, पाण्याने मरतो. काळ्या मातीवर नुसता मुरूम पसरला तर पहिल्या पावसात तो गडप होतो. मध्ये उंच, कडेला उतरती पाठ आणि पाणी वाहून नेणारा चर असेल तरच तो टिकतो.

सरकारी साहाय्याचे मार्ग नाहीत असे नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली आणि रोजगार हमीशी तिची सांगड घातली. वाट अडविली गेली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दाद मागता येते. बांधावरून जाण्याच्या हक्कासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चे कलम १४३ आहे. परंतु कायद्याने रुंद केलेली पाणंद मनाने अरुंदच राहते. आपल्याकडील कित्येक पाणंदी शत्रूने नव्हे, दोन्ही अंगांच्या शेजाऱ्यांनी दर नांगरटीस वीत-वीत पुढे सरकून खाल्ल्या आहेत. जो बांध कोरून दोन सऱ्या वाढवितो, तोच पुढे आपला भरला ट्रेलर त्या अरुंद वाटेत कलंडला म्हणून दैवास दोष देतो. आणि ह्या सर्वांचा भार पडतो तो पाणंदीच्या टोकास रान असलेल्या लहान शेतकऱ्यावर. त्याची तोड सर्वांच्या शेवटी येते, कारण त्याच्याकडे गाडी जात नाही. उन्हाळ्यात वाळलेला त्याचा ऊस हीच गावाच्या एकीची खरी मोजणी होय.

तेव्हा शेतकरी बंधूंस आमचे सांगणे इतकेच आहे. ट्रॅक्टर खरेदीस जाताना दुकानदारास घोडे किती हे विचाराच, पण त्याआधी मागील चाकांवर वजन किती, टायर रुंदीला किती, हवा किती पौंड भरावयाची, पोट किती उंच आणि कुलूप कोठे, हे विचारा. ट्रेलर बांधून घेताना उद्यमनगरातील कारागिरास रुंद टायरांची मागणी करा, कारण जे गिऱ्हाईक मागते तेच कारखानदार बनवितो. रानात शिरण्यापूर्वी मूठभर माती उचलून दाबून पाहा. गोळा झाला आणि फुटला नाही, तर गाडी बांधावरच उभी करा. आणि हंगाम सुरू होण्याच्या आधी, भाद्रपदाच्या उघडिपीत, पाणंदीवरील सर्व खातेदारांस एका पारावर बोलवा. त्या बैठकीत प्रत्येकाने आपल्या बाजूची एक वीत परत द्यावयाची ठरविली, तर येत्या गळितास त्या वाटेने कोणाचाही ट्रॅक्टर, मग तो लहान असो वा मोठा, आपल्या पायांनी चालत बाहेर येईल.